सरांच्या गाडीतलं रॉकेल

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाय. बायकोला नाय, देवळात नाय, ताडी पोटात गेल्यावर पण नाय — आणि ताडी गेल्यावर मी काय काय सांगतो ते तलासरी नाक्यावर कुणालाही विचारा. माझ्या लग्नात माझी पॅन्ट फाटली ते सांगितलंय. सासऱ्याच्या स्कूटरचा ब्रेक मीच दुरुस्त केला आणि म्हातारा थेट गोठ्यात शिरला, ते तर मी नाटक करून दाखवतो. माझं हसं मीच वाटत फिरतो. मग हे एकच का राहिलं? यात हसण्यासारखं काय नव्हतं म्हणून? नाय. यात पण लोक हसले होते. खूप हसले होते. तेच तर आहे.

आधी एक दुसरं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. मला वाचता येत नाय. पान्यावरचे आकडे ओळखतो, सही मारतो, संपलं. माझ्या गॅरेजच्या समोरच्या चहावाल्याकडे मी रोज पेपर उघडून बसायचो. मधूनच मान हलवायची, मधूनच "काय जमाना आलाय" बोलायचं. एकदा उलटा धरला होता. चहावाला बोलला, दामू मिस्त्री, बस पलटी झालीय का पेपर? मी बोललो, दोन्ही, आणि दोन्ही वेळेला ड्रायव्हर प्यालेला होता. सगळे हसले. सुटलो. असंच सुटत आलोय मी. लोक हसायला लागले की कुणी खाली वाकून बघत नाय.

हे पण मी नुसतं बोलतोय, उतरवून घेतेय माझी सून. आत्ता तिने मान वर करून बघितलं. तिला पण माहीत नव्हतं मला वाचता येत नाय ते. लिही गं तू.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. हायवेला लागून माझी पत्र्याची शेड. जीप, टेम्पो, जुन्या ॲम्बेसेडर यायच्या. त्यांना मी आवाजावरून ओळखायचो, हे खोटं नाय. पण नवीन गाडी आमच्याकडे फार आली नव्हती. पहिली आली ती सरांची.

सर म्हणजे आश्रमशाळेचे हेडमास्तर, तेव्हा रिटायर झालेले. आख्ख्या तालुक्यात निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचा मार खाल्लाय. मी नाय खाल्ला. शाळेत गेलोच नाय, मार कुठून मिळणार? मुलगा त्यांचा जहाजावर. तो सुट्टीला आला, मुंबईला गाडी घेतली, आणून दारात उभी केली आणि परत आठ महिन्यांसाठी समुद्रावर गेला. सरांना गाडी येत नव्हती, डोळ्यांत मोतीबिंदू. दर रविवारी मसोलीला लेकीकडे जायचं — जावई रेल्वेत — एवढंच त्या गाडीचं काम. ती चालवायला त्यांनी रमणला बोलावलं.

रमण वेवजीचा. सरांचाच विद्यार्थी. आधी टेम्पो चालवायचा, पण सरांनी निरोप धाडला म्हणून टेम्पो सोडून आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. गाडीचं पुसायचं फडकं पण घडी घालून ठेवायचा. सर पुढे बसायचे, त्याच्या बाजूला, मागे नाय. रस्त्यात त्याला काय काय सांगायचे. जवळून गाडी गेली की दिसायचं — सरांचा हात हलतोय आणि हा मान डोलावतोय. मला वाटतं, तेव्हा त्याची शाळा परत सुरू झाली होती. आणि त्याला ते आवडत होतं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि बाजूने जातो, मला कळतंय.

पहिल्याच आठवड्यात रमण गाडी घेऊन आला. बोलला, "दामूदादा, पंपावरची नळी टाकीत बसतच नाय. भोक बारीक आहे. नरसाळ्याने ओतावं लागतं, अर्धं सांडतं."

मी बघितलं. टाकीच्या तोंडात आत एक कडं आणि त्याच्यामागे पत्र्याची पापडी, स्प्रिंगवाली. मला वाटलं, कंपनीची चूक. खरंच वाटलं. छिन्नी घेतली, हातोडी घेतली. रमण खाली वाकला होता. झाकणाच्या आत एक स्टिकर होता, इंग्रजीत. तो एकेक अक्षर लावत होता — यू, एन, एल...

"दादा, इथं काय लिवलंय. सरांना दाखवू का आधी?"

आता मला सांगा, याच्यात चिडण्यासारखं काय होतं? पण मी चिडलो. सर येणार, वाचणार, आणि मग बोलणार, अरे दामू, हे लिहिलेलं होतं ना समोर? आणि मी काय बोलणार? चहावाल्याकडे चार-पाच जण बसले होते. मी मोठ्याने बोललो, "लिवलंय, ड्रायव्हरने जास्त डोकं चालवू नये." सगळे हसले. रमण पण हसला. मी छिन्नी लावली, तीन घावांत पापडी आत गेली, कडं काढून फेकलं. नळी बसली. हे माझं काम. माझ्या हाताने, दिवसाढवळ्या, पाच माणसांसमोर.

सहा-सात महिने गेले आणि गाडी दमायला लागली.

जागेवर चालू केली की एकदम गोड. पण रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या पुढे खेचायची नाय. ॲक्सिलेटर दाबा, आवाज वाढतो, गाडी आहे तिथेच. चाळीसच्या वर काटा जाईना. मसोलीच्या वाटेवर चढाला एक सायकलवाला त्यांच्या पुढे गेला आणि वळून बघून हसला, असं रमणने सांगितलं. सांगताना त्याला हसू आलं नाय. सर बाजूला बसले होते ना.

मी प्लग बदलले. फिल्टर बदलला. कार्बोरेटर खोलला, धुतला, बसवला, परत खोलला. टायमिंग बघितलं. क्लच प्लेट बदलून टाकली — तिचा काय संबंध नव्हता, पण हात रिकामे दिसायला नको. दर वेळी गाडी जायची आणि दोन दिवसांनी परत यायची, अजून थकलेली. खालून कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला. मी रमणला बोललो, तू काय खाल्लंस? परत सगळे हसले.

तिसऱ्या खेपेला सर स्वतः आले. स्टुलावर बसले, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये. बोलले, "दामू, नक्की झालंय काय गाडीला?" रागाने नाय. विद्यार्थ्याला विचारतात तसं. आणि मी उभा. आख्खा नाका कान लावून बसलेला. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती पण सांगतो. रोग सापडला नाय की पेट्रोलवर ढकलायचं. आणि पेट्रोलवर ढकललं की ते आपोआप ड्रायव्हरवर जातं. तेव्हा रेशनचं रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि तेवढं पेट्रोल काढून विकायचं, असं करणारे ड्रायव्हर होते. त्यामुळे कुणालाही ते लगेच पटायचं. पुरावा लागायचा नाय.

मी बोललो, "सर, गाडीला काय नाय झालं. पेट्रोलला झालंय. मला तर रेशनच्या लाइनीचा वास येतोय." आणि रमणकडे बघून डोळा मारला.

मस्करी होती. तेव्हा मस्करीच होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण डोळा मारताना मला माहीत होतं मी काय करतोय. माझ्या अंगावरचं त्याच्या अंगावर टाकतोय.

लोक हसले. सर हसले नाय. "रमण?" बोलले फक्त.

"नाय सर. मी नाय टाकलं."

सर मला बोलले, "दामू, असं उगाच कुणावर बोलू नये. गाडी ठेव. दोन दिवस घे, चार घे. नीट बघ आणि मला नक्की काय ते सांग. तू सांगशील ते मी धरीन."

तू सांगशील ते मी धरीन. माझ्यासारख्याला, ज्याला हेडमास्तरने आयुष्यात एक प्रश्न विचारला नव्हता.

म्हणजे वेळ होता माझ्याकडे. हे लक्षात ठेवा. घाईत झालं, असं नाय म्हणता येणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीखाली शिरलो. गाडी नुकतीच फिरवून आणली होती. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनच्या मागे, एक चपटा डबा होता. मी त्याला छोटा सायलेन्सर समजत होतो. कोपर त्याला लागलं आणि कातडी निघाली — डाग अजून आहे. पाइप तापतोच, पण हा डबा जळून निळा पडला होता. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. इंजिन ओरडतंय आणि हातावर हवा किती? म्हाताऱ्याने दिवा विझवायला फुंकर मारावी, तेवढी. बाहेर जायलाच रस्ता नाय, तर गाडी आत काय घेणार आणि खेचणार काय?

डब्याच्या पुढचे बोल्ट सोडले. पाइप उघडा ठेवून गाडी चालू केली. आवाज असा की चहावाल्याच्या हातातून कप पडला. तशीच हायवेला घातली. गाडी अशी पळाली, अशी पळाली की मला रडू यायचं बाकी होतं. सापडला होता रोग. मीच पकडला होता, कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या आयुष्यात मी एकदा खराखुरा मिस्त्री झालो असेन, तर त्या दुपारी.

डबा काढला. आत बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, बारीक बारीक भोकांची, आणि सगळी बुजलेली, वितळून बसलेली. सळईने टोचलं तर करड्या-पांढऱ्या कपच्या पडल्या. हे काय असतं, मला माहीत नव्हतं. पोत्यात बांधला आणि एसटीने वापीला गेलो, पार्टच्या दुकानात.

दुकानदार गुजराती. त्याने उजेडात धरून बघितला आणि बोलला, "आ तो गयुं, भाई." म्हणजे, हे तर गेलं. मग समजावलं. नवीन गाड्यांना हा डबा येतो, धूर साफ करायला. या गाड्यांना वेगळं पेट्रोल लागतं, शिसं नसलेलं. ते मुंबईला मिळतं, आपल्या बाजूला अजून नाय. साधं पेट्रोल घातलं की शिसं जाळीवर बसतं, डबा मरतो, गाडी गुदमरते. मी विचारलं, मग साधं पेट्रोल टाकीत जातंच कसं? तो बोलला, "जातच नाय. तोंडात पापडी असते, जाडी नळी आत जाऊ नये म्हणून. झाकणावर लिहिलेलं पण असतं. कुठल्या तरी गाढवाने पापडी तोडली असणार."

मी बोललो, "असेल कुणीतरी गाढव."

तो हसला. मी पण हसलो.

येताना एसटीत पोतं मांडीवर घेऊन बसलो होतो. वापी ते तलासरी फार लांब नाय. तेवढ्या रस्त्यात मी दोनदा ठरवलं की सांगायचं. सर, माझी चूक. मला वाचता येत नाय, मी पापडी तोडली, रमणने आधीच विचारलं होतं. चार वाक्यं. सरांनी काय केलं असतं? काय नाय. फार तर बोलले असते, वाचायला ये माझ्याकडे. आणि नेमकी त्याचीच मला लाज वाटली. या वयात, पाटी घेऊन, ज्याचं मी नाक्यावर हसं केलं होतं त्या रमणच्या समोर.

डबा आतून फोडून साफ केला, रिकामा डबा परत बसवला. बाहेरून काय कळत नाय. कपच्या पेपरात बांधल्या. का बांधल्या? फेकून द्यायच्या होत्या ना. पण मी बांधल्या.

सर आले. रमण मागे उभा. गाडी फिरवून दाखवली, सर खूश. बोलले, "काय निघालं?"

मी पुडी सोडली. "हे बघा सर. कार्बोरेटरमध्ये साठलं होतं. रॉकेलचा कचरा."

सरांनी कपच्या तळहातावर घेतल्या, डोळ्यांच्या अगदी जवळ नेल्या. मोतीबिंदूचे डोळे. बोट फिरवलं. "पांढरं कसं रे?"

"जळून राख झाली, सर."

माझ्या गाढवपणाचा पुरावा होता तो. सरांच्या हातात ठेवून मी तो रमणचा करून टाकला.

"पक्कं ना, दामू? तो माझ्या हाताखाली शिकलाय."

"पक्कं, सर."

रमणने एकदा माझ्याकडे बघितलं फक्त. त्याला पापडी आठवली असेल का? असेल. पण मिस्त्री मी होतो. त्याने खिशातून चावी काढली, शर्टाला पुसली, बॉनेटवर ठेवली. घडी घातलेलं फडकं बाजूला ठेवलं. सरांच्या पाया पडायला वाकला, तर सरांनी पाय मागे घेतले. एसटी समोर उभी होती, तरी तो वेवजीला चालत गेला.

इथे थांबलो असतो तर एक वेळ... नाय, तरी पण तेच झालं असतं. पण मी थांबलो नाय. दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडे सगळ्यांनी विचारलं, काय झालं रे काल? आणि मी उभा राहून करून दाखवलं. सर कसे वास घेत होते, रमण कसा उभा होता, चावी कशी पुसली. वास सरांनी घेतलाच नव्हता, तो मी घातला. शेवटी बोललो, त्याला आता रमण नका म्हणू, रॉकेल म्हणा. काय हसले लोक. डोळ्यांतून पाणी काढलं. माझी सगळ्यांत चाललेली मस्करी तीच. महिन्याभरात आख्ख्या नाक्यावर तेच नाव झालं. तो टेम्पोवाल्यांकडे काम मागायला आला की लोक बोलायचे, रॉकेल आला, टाकी झाका.

आठ-दहा दिवसांनी तो माझ्याकडे आला होता. टायरवर बसला. बोलला, "दादा, तुम्ही सरांना एकदा सांगा ना, गाडीत दुसरं पण काय होऊ शकतं. नोकरी परत नको मला. सरांना वाटतं मी चोरी केली, तेवढं नको."

मी बोललो, "बघतो."

असा तो तीनदा आला. तीन वेळा मी बोललो, बघतो. चौथ्यांदा आला नाय. मग कळलं, झाईला, समुद्रकाठी, मासेमारीच्या बोटीवर गेला. वेवजीचा माणूस, समुद्र कधी केला नव्हता. पहिले दोन महिने नुसता ओकायचा म्हणे. ते पण मी नाक्यावर करून दाखवलं.

आणि सर? सर सगळ्यांना सांगायचे, दामूने रोग बरोबर पकडला. दुसरा ड्रायव्हर ठेवला, पण आता मागे बसायचे. जवळून गाडी गेली की दिसायचं — हात हलत नसायचा. पुढे गाडी विकली. कधी रस्त्यात भेटले की हटकून विचारायचे, "रमण हुशार होता रे. त्याने असं का केलं असेल?" दर वेळी. मला विचारायचे. मी मान हलवायचो, पेपर बघताना हलवतो तशी.

नव्व्याण्णवला सर वारले. त्यानंतर महिन्याने मी झाईला गेलो. एका बोटीचं इंजिन बघायला, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे त्याला सांगायला गेलो होतो. आता सर नाय, कुणासमोर लाज जायची नाय, आता तरी — असा माझा हिशोब. बघा, तेव्हा पण मी माझीच सोय बघत होतो.

ओहोटी होती. बोटी चिखलात कलंडलेल्या. तो पाठमोरा, खांद्यावर जाळं घेऊन चाललेला, केस पांढरे झालेले. मी हाक मारायला तोंड उघडलं. मनात रमण होतं, देवाशपथ रमणच होतं. तोंडातून आलं, "ए रॉकेल."

तो वळला. अगदी सरळ वळला, आपल्याच नावाने हाक मारल्यासारखा. "बोला दादा."

रागावला असता तर बरं झालं असतं.

जाळं खाली ठेवून बोलला, "सर गेले ना. उशिरा कळलं मला." मग पायाने चिखल सारत, "कधी माझं नाव काढायचे का?"

मी बोललो, "नाय."

हे का बोललो? मला आजपर्यंत माहीत नाय. हो बोललो असतो तर पुढचं सांगावं लागलं असतं, म्हणून असेल. तो बोलला, "बरोबर आहे." जाळं उचललं आणि गेला. मी इंजिन न बघताच एसटीत बसलो.

सून लिहायची थांबलीय. लिही. शेवटचं एवढंच आहे, ते नीट अक्षरात लिही, कारण मला वाचून बघता येणार नाय.

त्या गाडीत रॉकेल कधी नव्हतं. पापडी मी तोडली. सर त्याचं नाव काढायचे, मरेपर्यंत काढायचे. त्याचं नाव रमण आहे.